वऱ्हाडचा धनी कोण? बुलढाण्याबद्दलचे दोन समज

बुलढाणा जिल्ह्याच्या गतकाळाबद्दल दोन समज पक्के बसले आहेत आणि ते एकमेकांना छेद देतात. एक म्हणतो, हा मुलूख १९४७ पर्यंत सरळसरळ इंग्रजांचा होता. दुसरा म्हणतो, वऱ्हाड (इंग्रजी कागदांत बेरार) निजामाचे, म्हणजे त्यातला बुलढाणाही मराठवाड्यासारखाच निजामी राजवटीत होता. दोन्ही अर्धेच खरे आहेत. मालकी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, असा प्रकार इथे जवळजवळ शंभर वर्षे चालला.

पहिला समज आधी तपासू. वऱ्हाड इंग्रजांनी लढाईत जिंकलेले नाही आणि विकतही घेतलेले नाही. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकला, म्हणून १८५३ च्या तहाने निजामाने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिले. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून ते कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले. पट्टा करून घेणारा आपण मालक नसल्याचे स्वतःच कबूल करत असतो. १९३५ च्या भारत सरकार कायद्याचे कलम ४७ तर स्पष्टच सांगते, की वऱ्हाडवर सार्वभौमत्व निजामाचे आहे.

यावर कोणी विचारेल, तहसीलदार, कोर्टकचेऱ्या, शेतसारा सगळे इंग्रजी अमलाचे असताना कागदावरच्या मालकीने रयतेला काय फरक पडला? पडला. वऱ्हाड कायद्याने ‘ब्रिटिश इंडिया’ नव्हते. त्यामुळे १९२० च्या दशकात इथले मतदार ज्याला निवडून देत, त्याला सरकार पुन्हा ‘नियुक्त’ करी आणि मगच तो कायदेमंडळात बसे. लोकनायक बापूजी अणे मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी होते ते याच वाटेने. कायद्यांचेही तसेच. दिल्लीत केलेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे, तो वेगळा लागू करावा लागे. १८७२ च्या करार कायद्याच्या छापील प्रतीत तळटीप दिसते: १९४१ च्या बेरार लॉज अ‍ॅक्टने वऱ्हाडला लागू. निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने १९२६ मध्ये पत्राने नकार दिला. ब्रिटिश सत्ता सगळ्या संस्थानिकांच्या वर आहे, हे ठणकावून सांगणारे म्हणून घटनेचे अभ्यासक ज्या पत्राचा हवाला देतात, ते वऱ्हाडच्या वादातूनच निघाले.

आता दुसरा समज. १९३६ च्या कराराने निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि वऱ्हाडात युनियन जॅकशेजारी निजामाचा झेंडा लावायला मुभा मिळाली. पण हे वारस आझम जाह यांची वऱ्हाडवर कसलीही हुकमत नव्हती. शेवटच्या उस्मानी खलिफाची कन्या दुर्रुशेवार त्यांची पत्नी, म्हणून ती ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’. सत्ता तिच्याही वाट्याला आली नाही. बुलढाणा आणि मराठवाडा यांतला फरक सर्वांत ठळक दिसला तो स्वातंत्र्याच्या वेळी. बुलढाणा जिल्ह्यातले देऊळगावराजा १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र भारतात होते. शेजारच्या, मराठवाड्यातल्या जालन्याला मात्र १७ सप्टेंबर १९४८ ची, म्हणजे पोलीस कारवाईनंतरच्या शरणागतीची वाट पाहावी लागली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन बुलढाण्याला लागू होत नाही, त्याचे कारण हेच.

एक आक्षेप उरतो. इंग्रज गेल्यावर त्यांचे करार संपले, मग वऱ्हाड मालकाकडे परत जायला नको होते का? तर्काने हा दावा अगदीच पोकळ नव्हता आणि निजामाने तो केलाही. पण कारभार मध्य प्रांताच्या राजधानीतून, नागपूरहून चालत होता, तो तसाच चालू राहिला. भारत आणि निजाम यांच्यातल्या नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानेही त्यात बदल झाला नाही. शंभर वर्षे ज्या कागदाने निजामाची मालकी जपली, त्याला निर्णायक वेळी त्या मुलखातला एक तलाठीसुद्धा हलवता आला नाही. म्हणून बुलढाणा कोणाचा होता, या प्रश्नाला दोन उत्तरे द्यावी लागतात: हक्काने निजामाचा, अमलाने इंग्रजांचा.