डायलिसिसच्या पेशंटची झोप: प्रश्न नेमका कोणता विचारायचा?

'डायलिसिसच्या पेशंटमधील झोपेच्या समस्या' हा विषय प्रोजेक्टसाठी चांगला आहे. पण विषय म्हणजे संशोधनाचा प्रश्न नव्हे. फरक कसा पडतो, ते बघू.

समजा, तीन पेशंट सांगतात, "रात्री झोपच लागत नाही." पहिल्याचे पाय आडवं पडल्यावर अस्वस्थ होतात, हलवले की बरं वाटतं. याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात आणि त्यामागे शरीरातली लोहाची कमतरता असू शकते. दुसऱ्याचा श्वास झोपेत अडतो, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं आणि श्वासमार्ग अरुंद होतो. तिसऱ्याला रात्रभर अंगाला खाज सुटते.

आता तिघांनाही पिट्सबर्ग झोप प्रश्नावली द्या. 1989 मधली ही प्रश्नावली मागच्या महिन्याच्या झोपेला 0 ते 21 गुण देते. 5 पेक्षा जास्त म्हणजे झोप खराब. तिघांनाही 11 मिळू शकतात! आकडा एक, कारणं तीन, उपाय तीन. गुण चुकीचे नाहीत, पण ते 'का' सांगत नाहीत.

कारणाला हात घातला की काय होतं? टोरांटोमधला 2001 चा एक अभ्यास वाचा. 14 पेशंटना आठवड्यातून तीनदा चार तासांच्या डायलिसिसवरून आठवड्यातून सहा-सात रात्री आठ तासांच्या डायलिसिसवर नेलं. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण तासाला सरासरी 25 वरून 8 वर आलं. अभ्यास छोटा, तुलनेसाठी वेगळा गटही नाही. पण मोजमाप रात्रभर यंत्रांनी केलेलं होतं, नुसतं विचारून नाही.

उलट उदाहरण अमेरिकेतलं, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेलं. निद्रानाश असलेल्या 126 डायलिसिस पेशंटचे तीन गट केले: एकाला वर्तनोपचार, दुसऱ्याला ट्रॅझोडोन, तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. तिन्ही गटांत झोप थोडी सुधारली, आणि जवळपास सारखीच! प्लासिबोचा गट नसता तर 'गोळी लागू पडली' असंच लिहिलं गेलं असतं. शिवाय ट्रॅझोडोनच्या गटात हृदयाशी संबंधित गंभीर त्रास जास्त दिसले. म्हणजे अर्धवट डिझाइनची किंमत शेवटी पेशंटच मोजतो.

म्हणून प्रश्नावली डाउनलोड करण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. मी झोपेची नेमकी कोणती तक्रार अभ्यासतोय? तिचं कारण कशाने मोजणार? आणि तुलना कोणाशी? या तीन ओळी गाइडसमोर अडखळता वाचता आल्या नाहीत, तर सॅम्पल साइझचा विचार तूर्त बाजूला ठेवा.