उंदीर फक्त दारातून नाही, पाइपाशेजारूनही येतो!

काल शेजारच्या काकूंनी हाक मारली. उंदराने वॉशिंग मशीनचा पाइप कुरतडला होता, घरात पाणीच पाणी. त्यांचा पहिला प्रश्न, "औषध कुठलं ठेवू रे?"

घरदुरुस्तीची कामं करताना मी एक शिकलोय: औषधाआधी भोक शोधा.

छोट्या घरउंदराला पेन्सिल जाईल एवढी, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरची फट पुरते. मोठ्या उंदराला १२ च्या आसपास. काकूंच्या सिंकखाली पाइपाभोवती माझा अंगठा गेला!

मग काय करायचं?

🔹 भोकात तारेची घासणी घट्ट कोंबा, वरून सिमेंट लावा. नुसता बोळा किंवा फोम टिकत नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, तो कुरतडणारच.

🔹 मोरीला जाळी, दाराखाली पत्र्याची पट्टी.

🔹 धान्य आणि मांजराचं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात. ओला कचरा रात्री उघडा नको.

🔹 पिंजरा खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत ठेवा. उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो.

पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की उंदीर कोरडी जागा शोधतात, उन्हाळ्यात पाणी. म्हणून बारा महिने, दर महिन्याला टॉर्च घेऊन एक फेरी मारा.

लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे घाला, जंतुनाशक शिंपडा, मग पुसा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार उंदरांच्या मूत्रातूनही पसरतो.

आणि लांब नाकाची चिचुंद्री उंदीर नव्हे बरं! ती झुरळं-किडे खाते.

तुमच्याकडे कुठून शिरतात? फोटो टाका, मिळून भोक शोधू.