डांबर नको, धूळच हवी!

इटलीतल्या किआंती या द्राक्षांच्या मुलखात खडीचे पांढरे रस्ते वाचवण्यासाठी एका माणसाने जुन्या सायकली बाहेर काढायला लावल्या. त्या धुळीने एका छोट्या गावाचे नशीब कसे पालटले, त्याची ही गोष्ट.

ऑक्टोबरातला पहिला रविवार. पहाटेचे पाच वाजलेले. गायोले हे अडीच-तीन हजार वस्तीचे डोंगरातले गाव एरवी या वेळी गाढ झोपेत असते. आज मात्र चौकात झुंबड उडाली आहे. लोकरीच्या जर्सी घातलेली माणसे, खांद्यावरून आडवे टाकलेले जादा टायर, हँडलला लावलेले दिवे आणि हातात आजोबांच्या जमान्यातल्या लोखंडी सायकली! कोणी जपानहून आलेला, कोणी इंग्लंडहून. साठी उलटलेले कितीतरी जण आणि त्यांच्या शेजारी त्यांची नातवंडे शोभतील अशी पोरे.

शिक्का मारून घ्यायचा आणि अंधारात निघायचे. थोड्याच वेळात ब्रोलिओ किल्ल्याची चढण लागते आणि डांबर संपते. टायरखाली खडी करकरू लागते. दोन्ही बाजूंना मिणमिणत्या ज्योती ठेवलेल्या. त्या उजेडात चढणारी सायकलींची रांग पाहिली की आपल्याकडच्या पहाटेच्या दिंडीचीच आठवण व्हावी.

या सोहळ्याचे नाव ‘लेरोइका’, म्हणजे वीरांची सफर.

कोंबड्याने आखलेली सीमा

किआंती म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधला टेकड्यांचा प्रदेश. चढणीवर द्राक्षमळे, मध्येच ऑलिव्हच्या बागा, शेताच्या बांधावर सायप्रसची उंच, सडपातळ झाडे आणि माथ्यावर दगडी घरांची गावे. ‘सांजोवेझे’ जातीच्या काळ्या द्राक्षांपासून इथली प्रसिद्ध लाल वाइन बनते. १७१६ साली तिसऱ्या कोसिमो या ग्रँड ड्यूकने फर्मान काढून या वाइनच्या प्रदेशाची हद्द ठरवून दिली. वाइनच्या मुलखाची अशी कायदेशीर आखणी जगात फार लवकर झाली ती इथेच.

बाटलीवर काळ्या कोंबड्याचे चित्र असते. त्याची दंतकथा मोठी मजेदार आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना यांचे हद्दीवरून हाडवैर. शेवटी ठरले, की पहाटे कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघेल आणि जिथे ते भेटतील तिथे सीमा. सिएनावाल्यांनी पांढऱ्या कोंबड्याला खाऊपिऊ घालून गुबगुबीत केले. तो निवांत झोपला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळ्या कोंबड्याला उपाशी ठेवले. तो बिचारा भुकेने व्याकूळ होऊन उजाडायच्या कितीतरी आधी आरवला! फ्लॉरेन्सचा स्वार जवळजवळ सिएनापर्यंत पोहोचला आणि किआंतीचा बहुतेक मुलूख त्यांच्या पदरात पडला.

रस्ते ओस पडले

चित्रात सुंदर दिसणारा हा मुलूख एकेकाळी गरिबीने गांजलेला होता. जमीन मालकाची, राबणारे कुटुंब कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे. आपल्याकडच्या अर्धेलीसारखीच ही पद्धत. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत कारखाने उभे राहू लागले, तशी तरुण मंडळी शेती सोडून निघाली. १९६४ मध्ये कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले, पण तोवर कितीतरी घरांना कुलपे लागली होती.

शेतांना जोडणारे रस्ते तेवढे उरले. इथल्या चुनखडीच्या दगडाची खडी टाकलेले, म्हणून पांढरे. बैलगाड्यांसाठी केलेल्या या रस्त्यांना इटालियन भाषेत म्हणतातच ‘स्त्रादे बियांके’, पांढरे रस्ते. उन्हाळ्यात धुरळा, पावसात राड. त्यामुळे एकेक रस्ता डांबराखाली जाऊ लागला. यात नवल ते काय? ज्याला रोज त्या रस्त्याने पोरांना शाळेत सोडायचे असते, त्याला डांबरच हवे असणार!

पण गायोलेच्या जानकार्लो ब्रोच्ची यांना ते पटेना. डांबर आले की गाड्यांचा वेग येईल, रुंदीकरण येईल आणि मुलखाचा चेहराच पुसला जाईल, ही त्यांची चिंता. ते सायकल शर्यतींचे वेडे. जुन्या काळचे नामवंत सायकलपटू अशाच धुळीच्या रस्त्यांवर घडले, हे त्यांना ठाऊक होते. मग नुसते निवेदन देण्यापेक्षा लोकांनाच या रस्त्यांवर का आणू नये? १९९७ साली त्यांनी पहिली सफर काढली. आले फक्त ९२ जण.

नियम एकच: सायकल जुनी हवी

आज तिथे दरवर्षी हजारो लोक येतात. अट मात्र कडक. रस्त्यावरच्या शर्यतीची सायकल १९८७ किंवा त्याआधीच्या घडणीची हवी. गिअरचा खटका हँडलवर नव्हे, खालच्या दांडीवर हवा. ब्रेकच्या तारा उघड्या दिसायला हव्यात. पायाला चामड्याचे पट्टे चालतील, आधुनिक अडकवणी चालणार नाही.

छोट्या मार्गापासून थेट २०९ किलोमीटरपर्यंत, ज्याला जसे झेपेल तसे अंतर. सर्वांत लांबच्या वाटेवरची चढण एकत्र केली तर साडेतीन हजार मीटरहून अधिक भरते. म्हणजे कळसूबाईची दुपटीहून जास्त उंची, तीही खडीतून! वाटेत चहा-बिस्किटांऐवजी पाव, भाजी आणि पावाचे दाट सूप ‘रिबोलिता’ मिळते. वाइनमध्ये भिजवून साखर भुरभुरलेला पावही असतो. शेतकऱ्यांच्या घरचे हे जुने साधे खाणे.

व्यावसायिक खेळाडूंनाही या धुळीची भुरळ पडली. २००७ पासून इथे ‘स्त्रादे बियांके’ ही मोठी शर्यत होते. ती संपते सिएनाच्या शंखाकृती चौकात. २०१५ पासून महिलांचीही शर्यत सुरू झाली. २०२४ मध्ये स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने शेवटचे सुमारे ८१ किलोमीटर एकट्याने तोडून ती जिंकली. जाड टायरच्या खास ‘ग्रॅव्हल’ सायकलींचे वेडही आता जगभर पसरले आहे. त्यांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये भरली, तीही इटलीतच.

मराठा जवान आणि ‘वसंत’

या टेकड्यांशी मराठी माणसाचे एक विसरलेले नाते आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा मागे हटत होत्या आणि आठवी भारतीय डिव्हिजन फ्लॉरेन्सकडे सरकत होती. फ्लॉरेन्सच्या नैऋत्येला मोन्तेगुफोनी नावाचा किल्ला आहे. तिथे मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांचा तळ पडला. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी उफ्फिझी संग्रहालयातली अमूल्य चित्रे याच किल्ल्यात आणून ठेवलेली होती. त्यात बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमावेरा’, म्हणजे ‘वसंत’ हे जगप्रसिद्ध चित्रही होते. त्या चित्रांभोवती सातारा-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांची पोरे पहाऱ्याला उभी राहिली. आज फ्लॉरेन्सला जाणारा मराठी प्रवासी त्या चित्रासमोर थबकतो, तेव्हा ही गोष्ट त्याला क्वचितच ठाऊक असते.

जायचे असेल तर

वीरांच्या सफरीत नाव नोंदवलेच पाहिजे असे नाही. २०९ किलोमीटरच्या मार्गावर खुणेच्या पाट्या असून तो वर्षभर खुला असतो. जुन्या सायकलीची अट फक्त सफरीच्या दिवशी. इतर वेळी जाड टायरची सायकल भाड्याने घेऊन दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर हिंडले तरी पुष्कळ. चढ झेपत नसेल तर विजेवर चालणारी सायकलही मिळते. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा उत्तम काळ. जुलै-ऑगस्टचे ऊन टाळावे. खडीच्या उतारावर अचानक पुढचा ब्रेक दाबू नये, हँडल आवळून धरू नये. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे पकड चांगली राहते.

ब्रोच्ची यांच्या हट्टाने रस्ते टिकले, पण अडचणी सरल्या असे नाही. पाऊस झाला की खडी वाहून जाते आणि ती पुन्हा टाकावी लागते. सोहळ्याच्या दिवसांत मुक्कामाच्या खोल्या मिळत नाहीत. आणि धूळ अंगावर घेऊन तिथे बारा महिने राहायचे असते ते गावकऱ्यांनीच. तरीही ज्या वाटांनी एकेकाळी माणसे गाव सोडून गेली, त्याच वाटांनी आता जग गायोलेत येते.

रविवारी संध्याकाळी ती शेवटची माणसे परततात. चेहरा, भुवया, मिशा, सारे पांढरेफटक. चौकातल्या आजीबाई टाळ्या वाजवतात. सायकलीवरची धूळ मात्र कोणी लगेच पुसत नाही. घरी दाखवायला न्यायची असते ना!