ठेकेदार ओळखीचा आहे, पण हमी कुणाची? घर बांधण्याआधी परवाना आणि जामीन समजून घ्या

पेण, रोहा आणि आसपासच्या मोहल्ल्यांत घराचं बांधकाम बहुतेक वेळा एका वाक्यावर सुरू होतं : "आपलाच माणूस आहे, काळजी नको." कुवेत, कतार, सौदी नाहीतर दुबईत वर्षानुवर्षं राबून जमवलेली रक्कम या एका वाक्यावर ठेकेदाराच्या हातात जाते. अब्बा परदेशात, मुलं मुंबईत, आणि साइटवर लक्ष ठेवायला घरी फक्त अम्मी किंवा चाचा. स्लॅब होईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग ठेकेदार दुसरं काम धरतो, फोन उचलत नाही, आणि पावसाळा तोंडावर येतो. भांडण जमातीत जातं. तिथे पहिला प्रश्न येतो, "काही लिहून घेतलं होतं का?" उत्तर बहुधा "नाही" असंच असतं.

अशा वेळी लोक म्हणतात, "लायसन्सवाला ठेकेदार घ्यायला हवा होता." पण लायसन्स म्हणजे नेमकं काय, ते कोण देतं, आणि काम बिघडलं तर पैसे कोण भरून देतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. परवाना आणि हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस काम करायला पात्र आहे की नाही, हे परवाना सांगतो. काम अर्धवट राहिलं किंवा खराब झालं तर नुकसान कोण सोसणार, हे हमी ठरवते. आज आपण या दोन्ही गोष्टी समजून घेऊ.

परवाना नेमका कुणाला लागतो?

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या जमिनीवर खासगी घर बांधून देणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराने घ्यावाच, असा एकच सामाईक परवाना महाराष्ट्रात नाही. ठेकेदार जीएसटी नंबर दाखवतो, तो फक्त कराची नोंद असतो. त्यावरून सळई किती टाकायची हे त्याला कळतं की नाही, हे सिद्ध होत नाही.

पात्रतेची कायदेशीर नोंद असते ती तांत्रिक माणसांची. वास्तुविशारदाची नोंदणी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली केंद्रीय परिषदेकडे होते. राज्यात २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इंजिनियर, स्ट्रक्चरल इंजिनियर आणि सुपरवायझर यांची पात्रता व जबाबदारी ठरवून दिली आहे. म्हणून पेण नगरपरिषद असो वा रोहा अष्टमी नगरपरिषद, परवानगीच्या नकाशावर सही कुणाची आहे आणि तो माणूस साइटवर खरोखर येतो का, हे पाहिलंच पाहिजे. नकाशावर एकाची सही आणि साइटवर फक्त मुकादम, असं असेल तर परवाना कागदावरच राहिला.

याची किंमत रायगडने मोजली आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. ती काही पन्नास वर्षांची जुनी चाळ नव्हती. त्या प्रकरणात बिल्डरसोबत वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेचे अधिकारी यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. सही करणाऱ्याची जबाबदारी किती मोठी असते, हे यातून कळतं. पण गुन्हा दाखल झाल्याने गेलेली माणसं परत येत नाहीत.

कामगारांच्या बाजूनेही नियम आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार ५० किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार ठेवणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागतो. आपल्या घराच्या कामावर आठ-दहा माणसं असतात, त्यामुळे हा नियम बहुधा लागू होत नाही. पण कामगार पडला, जखमी झाला, तर भरपाईचा प्रश्न उभा राहतोच. ती जबाबदारी ठेकेदाराची आहे, हे करारात लिहा आणि त्याने कामगारांचा विमा काढला आहे का, ते विचारा.

सरकारी कामात हमी कशी चालते?

आपली बरीच तरुण मुलं आज ठेकेदारीत उतरत आहेत. सार्वजनिक बांधकाम खातं किंवा जिल्हा परिषदेचं काम घ्यायचं तर आधी नोंदणी करावी लागते. ठेकेदारांचे वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाला किती रकमेपर्यंतचं काम घेता येईल याची मर्यादा असते. आधीच्या कामाचे दाखले, ऐपतीचा दाखला, पॅन, जीएसटी अशी कागदपत्रं लागतात. ई-निविदा भरायला डिजिटल सही लागते.

त्यानंतर पैशांच्या हमीचे टप्पे येतात.

पहिला टप्पा बयाणा रकमेचा. निविदा भरताना ही रक्कम ठेवावी लागते. काम मिळाल्यावर ठेकेदाराने माघार घेतली तर ती जप्त होते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ही रक्कम अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के धरली आहे, आणि सूक्ष्म व लघु उद्योगांना त्यात सवलत आहे.

दुसरा टप्पा सुरक्षा ठेवीचा. काम मिळाल्यावर ती बँक हमीच्या रूपात द्यावी लागते, किंवा प्रत्येक बिलातून थोडी थोडी कापली जाते. अंदाजपत्रकापेक्षा फारच कमी दर भरला तर जादा ठेव मागतात, कारण इतक्या स्वस्तात काम पुरं होईल का, अशी शंका असते.

तिसरा टप्पा दोष दायित्व कालावधीचा. काम संपल्यावरही ठरलेल्या मुदतीत जे बिघडेल ते ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. ही मुदत संपल्यावरच अडकलेली ठेव सुटते.

बँक हमी साधारणपणे मागताक्षणी द्यायची असते. खात्याने मागणी केली की बँक पैसे देते, वाद नंतर कोर्टात. फसवणूक किंवा कधीही भरून न येणारं नुकसान अशा अपवादांतच कोर्ट ती थांबवतं. हमी देताना बँक ठेकेदाराकडून मुदत ठेव किंवा तारण घेते, शिवाय कमिशन लावते. त्यामुळे लहान ठेकेदाराचं भांडवल अडकून पडतं.

यावर तोडगा म्हणून विमा कंपन्यांचा हमी बाँड आला. विमा नियामक संस्थेने २०२२ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते देशातलं असं पहिलं उत्पादन सुरू झालं. यात एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. हा विमा ठेकेदाराला वाचवण्यासाठी नसतो. ठेकेदार चुकला तर कंपनी काम देणाऱ्याला पैसे देते आणि मग तेच पैसे ठेकेदाराकडून वसूल करते. "विमा आहे, आता काय बिघडतंय?" असं समजून सही करणारा मुलगा अडचणीत येईल.

हमी देणारा किती भक्कम आहे, हेही महत्त्वाचं. पेणकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. कुठल्या बँकेची हमी चालेल हे सरकारी खाती आधीच ठरवून देतात, त्यामागे हाच विचार आहे.

आणि हमी असली म्हणजे काम वेळेवर होईलच असंही नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचं काम २०११ मध्ये सुरू झालं. वडखळ, नागोठणे, कोलाड या वाटेने जाणाऱ्यांनी पुढे किती पावसाळे खड्ड्यांत काढले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. हमीमुळे पैशाचं नुकसान काही प्रमाणात भरून निघतं. वेळ आणि हाल भरून निघत नाहीत. म्हणून माणूस पारखून घेणं पहिलं आणि हमी त्यानंतर.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी

फ्लॅट घेत असाल तर रेरा कायदा तुमच्या बाजूने आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याला वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर कळवल्यापासून ३० दिवसांत तो विनाखर्च दुरुस्त करून द्यावा लागतो. मात्र स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतलं तर ही ढाल मिळत नाही. तिथे तुमचा करार हीच तुमची हमी.

स्वतःच्या घरासाठी हमी कशी उभी करायची?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घर बांधणाऱ्या ठेकेदाराला परवान्यासोबत २५ हजार डॉलरचा बाँड ठेवावा लागतो. घराच्या सुधारणेच्या कामात आगाऊ रक्कम १० टक्के किंवा एक हजार डॉलर, यातली जी कमी असेल त्याहून जास्त घेता येत नाही. आपल्याकडे खासगी घरासाठी असा नियम नाही, पण त्यातली अक्कल आपण घेऊ शकतो. कामाच्या पुढे पैसा धावू द्यायचा नाही.

समजा, रोह्यात २० लाखांचं काम ठरलं. सुरुवातीला १ लाख द्या. जोत्यापर्यंत काम झाल्यावर ४ लाख, स्लॅब झाल्यावर ६ लाख, भिंती आणि प्लास्टर झाल्यावर ४ लाख, लादी-नळ-वीज-रंग झाल्यावर ३ लाख, ताबा घेताना १ लाख. उरलेला १ लाख एक पूर्ण पावसाळा गेल्यावर द्या. गच्ची गळते का, भिंतीला ओल येते का, हे कोकणात पावसाळ्याशिवाय कळत नाही. प्रत्येक टप्प्याचे पैसे देण्याआधी इंजिनियरने काम पाहिल्याची सही घ्या. सिमेंट आणि सळई कुठली, किती मापाची, हेही लिहा. पैसे बँकेतून द्या, रोख दिलेच तर पावती घ्या.

ठेकेदाराकडून एखादा ऐपतदार जामीनही मागता येतो. इथे १८७२ चा भारतीय करार कायदा लागू होतो. करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच असते. म्हणून फक्त दोस्तीखातर सही करू नका. आणि घरमालकांनीही सावध राहावं. जामीनदाराला न विचारता मध्येच करार बदलला, उदाहरणार्थ वरचा मजला वाढवला, तर त्यानंतरच्या व्यवहारातून जामीनदार मोकळा होतो. बदल केला तर तिघांचीही सही घ्या.

जामीन राहणं आपल्याला नवं नाही. फिकहमध्ये त्याला कफालत म्हणतात. जामीन राहण्याचा मोबदला घेणं बहुतेक फकीह जायज मानत नाहीत, प्रत्यक्ष खर्च घेण्यास मात्र मुभा देतात. बँक हमीचं कमिशन आणि त्यासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीवरचं व्याज, याबद्दल तरुण ठेकेदारांनी आपल्या आलिमांकडून मसला समजून घ्यावा.

"लिहून मागितलं तर त्याला वाईट वाटेल" ही अडचण अनेक घरांत ऐकू येते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहून घेणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मग कसं म्हणायचं? खरं तर लिहिलेलं असलं की ठेकेदारालाही त्याचे पैसे वेळेवर मिळतात, आणि त्याच्या हाताखालच्या गवंड्याची, बिगाऱ्याची मजुरी थकत नाही.

तेव्हा जमातीतल्या जाणत्यांना आमची एक विनंती आहे. भांडण मिटवायला आपण बसतोच. आता बांधकाम सुरू होण्याआधी बसू. दोन पानांचा एक साधा नमुना करार वकिलाकडून तयार करून मस्जिदीच्या दफ्तरात ठेवला, तर पेण-रोह्याच्या किती घरांचा पैसा आणि किती नाती वाचतील, याचा विचार करा.