स्थिर दाबाचे कोडे: बिअरचा केग आणि दिल्लीचा उन्हाळा

दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. जानेवारीच्या पहाटे इथला पारा चार-पाच अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि मेच्या दुपारी पंचेचाळिशीच्या घरात पोचतो. या दोन टोकांच्या मध्ये, ३१ अंशांपाशी, कार्बन डायऑक्साइडची एक सीमा आहे. ती ओलांडली की बंद सिलिंडरमधला द्रव द्रव म्हणून उरतच नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या केगमधल्या बिअरला मात्र थंडीत आणि उन्हाळ्यात सारखाच दाब लागतो. हा दाब स्थिर राहतो कसा?

केग म्हणजे बिअरचे स्टेनलेस स्टीलचे बंद पिंप. ज्या देशांत घरी बिअर बनवायला मुभा आहे तिथले हौशी लोक बहुधा १९ लिटरचा केग वापरतात. मुळात हे पिंप अमेरिकेत शीतपेयांच्या सिरपसाठी तयार झाले. दिल्लीत विनापरवाना बिअर बनवणे २००९ च्या अबकारी कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे इथे केग आणि त्याला कार्बन डायऑक्साइड पुरवणारा सिलिंडर यांची जोडी परवानाधारक ठिकाणीच सापडते. पुण्यात २००९ साली सुरू झालेली डूलाली ही देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. टाकी मोठी असो की पिंप लहान, नियम एकच.

हा नियम इंग्लंडच्या विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडला. तापमान कायम असेल तर द्रवात विरघळणारा वायू त्याच्यावरच्या त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात असतो. त्याआधी, १७६७ मध्ये, जोसेफ प्रीस्टली लीड्समध्ये एका ब्रुअरीशेजारी राहत असताना आंबणाऱ्या बिअरच्या पिंपावर पाण्याचे भांडे धरून त्याने सोडावॉटर बनवले होते.

बऱ्याच बिअरींमध्ये लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू. बिअर ३-४ अंशांवर असेल तर त्यासाठी वातावरणापेक्षा सुमारे ०.८ बार जास्त दाब पुरतो. तेवढा दाब लावून पिंप आठवडा-दोन आठवडे थंड जागी ठेवले की वायू आपोआप मुरतो. तोच दाब कायम ठेवून बिअर २० अंशांवर नेली, तर अडीचऐवजी जेमतेम दीड लिटर वायू टिकतो. अडीचच हवा असेल तर दाब २ बारच्या आसपास न्यावा लागतो. दाबाचा काटा जागचा हलला नाही तरी फ्रिजचे दार नीट लागले नसेल तर बिअर सपक होते.

आता सिलिंडर. त्यात कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि वरच्या रिकाम्या जागेत त्याची वाफ. २० अंशांवर या वाफेचा दाब सुमारे ५७ बार असतो. गॅस काढला की थोडा द्रव उकळून तेवढी वाफ नव्याने तयार होते, म्हणून सिलिंडर अर्धा संपला तरी काटा ५७ वरच राहतो. द्रवाचा शेवटचा थेंब सरला की मगच तो भराभर खाली येतो. किती गॅस उरला ते काट्यावरून कळत नाही. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा लागतो.

५७ बारचे ०.८ बार करतो रेग्युलेटर. त्यात रबराचा एक लवचिक पडदा असतो. वरून स्प्रिंग त्याला खाली दाबते आणि झडप उघडते. गॅस आत येतो, खालून पडद्याला वर ढकलतो आणि झडप मिटते. केगने गॅस शोषला की खालचा दाब किंचित पडतो, स्प्रिंग वरचढ होते, झडप केसभर उघडते. स्क्रू फिरवून आपण फक्त स्प्रिंग किती आवळायची ते ठरवतो. स्वयंपाकघरातला एलपीजीचा रेग्युलेटरही याच तत्त्वावर चालतो. झडपेच्या बैठकीत कचरा अडकला तर ती पुरती मिटत नाही आणि गॅस वापरात नसतानाही दाब हळूहळू चढत जातो. गॅस जोरात सोडला तर प्रसरणामुळे तो इतका गार होतो की रेग्युलेटरवर हिम जमते.

दिल्लीचा मे महिना यात नवी अडचण आणतो. आयर्लंडच्या थॉमस अँड्र्यूजने १८६९ मध्ये दाखवून दिले की सुमारे ३१ अंशांच्या वर कितीही दाब दिला तरी कार्बन डायऑक्साइडचा द्रव होत नाही. म्हणजे ४५ अंशांत उन्हात ठेवलेल्या सिलिंडरमध्ये द्रव आणि वाफ हा भेदच नसतो. तेव्हा दाब ठरतो तो सिलिंडर किती भरला आहे यावर, आणि पुरत्या भरलेल्या सिलिंडरमध्ये तो १०० बारच्या पलीकडे जातो. म्हणूनच सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत आणि त्याच्या झडपेवर दाब अती झाल्यास फुटणारी पातळ चकती असते. देशातल्या गॅस सिलिंडरांचे नियमन करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

काटा वातावरणाच्या वरचा दाब मोजतो, हेही विसरून चालत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणून तिथे मुंबईइतकाच वायू मुरवायला काटा ०.०६ बार पुढे ठेवावा लागतो. दिल्ली जेमतेम २१६ मीटरवर आहे. तिथे उंचीचा हिशेब सोडून दिला तरी चालतो, तापमानाचा सोडून चालत नाही. सिलिंडर सावलीत उभा, केग फ्रिजमध्ये आणि खोली हवेशीर, कारण हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असून जमिनीलगत साचतो. एवढे सांभाळले की उरलेले काम स्प्रिंग आणि पडदा बिनबोभाट करतात.