एक दशांश अंश

पहाटे ५:४५. पाथरी तालुका, जायकवाडीच्या डाव्या कालव्यालगतचं गाव. रोजंदारीवरचे मामा जीपमध्ये सामान चढवतात. फक्कीची गोणी, घण, लोखंडी खुंट्या, ट्रायपॉड, दोन मीटरचा पोल. हजेरी सहाशे, जेवण कंत्राटदाराचं. ड्रोनला लेसर स्कॅनर लावून कालव्याखालची शिवारं मोजायची आहेत. ज्वारी निघाली, कडबाही उचलला. जमीन उघडी पडली आहे, मोजणीचे हेच दिवस.

६:३०. काळ्या रानात ट्रायपॉड रुततो. मामा एकेक पाय टाचेनं दाबतात, थांबतात, पुन्हा दाबतात. वर जीपीएसचा अँटेना. उंची टेपनं दोनदा मोजली. आता दिवसभर त्याला कोणी हात लावायचा नाही. शेळ्या हाकलण्याची जबाबदारीही मामांकडेच.

७:१५. फक्कीच्या फुल्या. मधोमध खुंटी, तिच्यावर पोल. पोलवरचा बुडबुडा गोलात आणून मामा श्वास रोखून उभे राहतात. दोन मीटरचा पोल एका अंशानं कलला तरी टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं. हे त्यांना कुणी आकड्यात सांगितलेलं नाही. पण बुडबुडा हलला की ते स्वतःच म्हणतात, "पुन्हा घ्या."

८:००. काल स्कॅनर सोडून परत बसवला होता. म्हणून आज आधी त्याचा कल तपासायचा. गावातली माळवदाची घरं त्याला चालत नाहीत, सपाट छतावर चूक लपते. दोनपाखी पत्र्याचं शेड हवं. खताच्या दुकानदाराचं गोदाम मिळालं. ड्रोन काही मिनिटं जमिनीवर निश्चल, मग हवेत इंग्रजी आठाचा आकडा काढतो. मगच ८० मीटरवरून गोदामावर जातो, येतो, मग आडवा जातो. या भागात ग्रीन झोन आहे, ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही.

९:४०. लॅपटॉप जीपच्या सावलीत. जातानाचे बिंदू लाल, येतानाचे निळे. पत्र्याचा एकच कणा दोन ठिकाणी दिसतो. स्कॅनर पुढे-मागे कलला असला की असं होतं. मोकळ्या रानाचा आडवा छेद काढला तर लाल आणि निळी रेघ कात्रीसारख्या एकमेकींना छेदतात. म्हणजे डावी-उजवीकडेही कल आहे, साधारण एक दशांश अंश.

डोळ्याला तो दिसणार नाही. पण ८० मीटरवरून मोजलेल्या पट्ट्याच्या कडेला, ५६ मीटर बाजूला, जमीन एकीकडे दहा सेंटिमीटर वर जाते, दुसरीकडे तेवढीच खाली. मोठ्या कालव्याला अनेकदा किलोमीटरमागे दहा-वीस सेंटिमीटरच उतार असतो. ही चूक नकाशात राहिली, तर चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याच्या रानात पाणी कागदावरच चढेल. मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

कोनाची चूक एकदा सापडली की गणितात दुरुस्त होते, पुन्हा उडायला लागत नाही. अट एकच, स्कॅनर दिवसभर हलता कामा नये. म्हणून स्कॅनरचा बोल्ट आणि त्याखालची पट्टी यांवर मिळून एकच लाल रेघ ओढली आहे. प्रत्येक उड्डाणाआधी ती सरळ आहे का, हे मामा बघतात.

१२:३०. बॅटऱ्या तापल्या. गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावता येत नाहीत. जनरेटरला पेट्रोल, लिटरमागे शंभराच्या वर.  भाकरी, ठेचा, कांदा. वारा वाढला, उड्डाण बंद.

४:१०. वारा उतरल्यावर काम पुन्हा सुरू झालं. दुपारच्या तिसऱ्या उड्डाणाआधी मामा हात वर करतात. "रेघ तुटली बघा." बोल्ट केसभर फिरला आहे. पायलट तो घट्ट करतो, मामा पुन्हा रेघ ओढतात. आता मागचं उड्डाण संशयित, आणि नव्या बसवणीचं तपासणीचं उड्डाणही पुन्हा. दोन बॅटऱ्यांचा खर्च वाढला. कुणी कुरकुरत नाही.

६:२०. पोल घेऊन मामा ज्या बिंदूंवर उभे राहिले होते, ते स्कॅनरच्या बिंदूंच्या ढगात शोधून उंची ताडून पाहिली. सकाळची उड्डाणं तीन सेंटिमीटरच्या आत. संशयित पट्टा उद्या नव्यानं. मामांच्या फोनवर सहाशे जमा. "उद्या फक्की कमी पडंल," ते सांगतात, "येताना एक गोणी घ्या."