कच्चें छायाचित्र : तें कसें उघडावें व कसें जपावें

अजिंठ्याचीं लेणीं जळगांवाहून सुमारें ६० किलोमीटर दूर आहेत. लेण्यांत प्रकाश मंद असतो, आणि भिंतींवरील रंगांस अपाय होऊं नये म्हणून फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. तेथें घेतलेलें छायाचित्र घरीं येऊन पाहावें, तों तें काळवंडलेलें किंवा पिवळट झालेलें आढळतें. परंतु ज्यानें कॅमेऱ्यांतील ‘रॉ’ ही सोय वापरली असेल, त्यास पुष्कळ सुधारणा करितां येते. ती कशी, हें विद्यार्थ्यांस व पालकांस थोडक्यांत सांगावें असा आमचा हेतु आहे.

कॅमेऱ्याच्या भिंगामागें प्रकाश मोजणारीं लक्षावधि सूक्ष्म घरें असतात. त्यांपैकीं अर्ध्या घरांवर हिरवी, पाव घरांवर तांबडी व पाव घरांवर निळी गाळणी बसविलेली असते. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बेयर यांच्या या युक्तीस १९७६ सालीं पेटंट मिळालें. प्रत्येक घर एकाच रंगाचा प्रकाश मोजतें, आणि हीं मापें आहेत तशींच साठविलीं म्हणजे ‘रॉ’ अर्थात् कच्ची फाइल होते. जेपेग फाइल घेतल्यास कॅमेरा स्वतःच चित्र पुरें करितो व उरलेली माहिती टाकून देतो. जेपेगमध्यें प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. कच्च्या फाइलींत बहुधा ४,०९६ किंवा १६,३८४. कच्ची फाइल म्हणजे परातींतील पीठ, व जेपेग म्हणजे तव्यावरून उतरलेली भाकरी. पिठांत मीठ कमीअधिक करितां येतें. भाजलेल्या भाकरींत येत नाहीं.

आतां ही फाइल उघडावी कशी? कॅननच्या फाइलीच्या नांवाशेवटीं सीआरटू किंवा सीआरथ्री, निकॉनच्या एनईएफ, सोनीच्या एआरडब्ल्यू अशीं अक्षरें असतात. फोटोशॉपमध्यें ती उघडली म्हणजे प्रथम ‘कॅमेरा रॉ’ ही खिडकी पुढें येते. तेथें उजेड व पांढऱ्या रंगाचा तोल आधीं ठीक करावा. डार्कटेबल व रॉथेरपी हे विनामूल्य प्रोग्रॅमही हेंच काम करितात. फाइल उघडलीच नाहीं, तर ती बिघडली असें लागलेंच समजूं नये. कॅमेरा नवा व प्रोग्रॅम जुना असला म्हणजे बहुधा असें होतें. अशा वेळीं प्रोग्रॅमची नवी आवृत्ति घ्यावी, किंवा अ‍ॅडोबीच्या विनामूल्य साधनानें ती फाइल डीएनजी या २००४ सालीं निघालेल्या प्रकारांत बदलून घ्यावी. नुसतीं शेवटचीं अक्षरें बदलल्यानें कांहीं साधत नाहीं.

जतन करितांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हे प्रोग्रॅम मूळ मापांस हात लावीत नाहींत. आपण केलेले फेरफार ते निराळे टिपून ठेवितात. पुष्कळदां ही टीप त्याच नांवाच्या एक्सएमपी फाइलींत शेजारीं असते. यास्तव फाइली दुसरीकडे नेतांना दोन्ही बरोबर न्याव्या. तयार चित्र ‘एक्स्पोर्ट’ करून वेगळें काढावें : धाडावयास जेपेग, व पुढें आणखी काम करावयाचें असल्यास १६ बिटांचें टिफ. जेपेग पुनःपुन्हा बदलून साठविलें असतां दर खेपेस त्याचा थोडा ऱ्हास होतो.

मूळ प्रत जपण्याचें महत्त्व अजिंठ्याच्याच इतिहासांत दिसतें. मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून अनेक वर्षें खपून येथील चित्रांच्या मोठ्या तैलप्रतिकृति तयार केल्या. त्या लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. १८६६ च्या आगींत त्यांपैकीं बहुतेक जळाल्या. गिल यांनीं पुन्हा कुंचला हातीं घेतला. १८७९ सालीं ते वारले, आणि त्यांची कबर आपल्या भुसावळास आहे. त्यांस दुसरी प्रत करावयाची तर कित्येक वर्षें लागत; आपणांस कांहीं मिनिटें पुरतात.

म्हणून कच्च्या फाइलीची एक प्रत संगणकांत, दुसरी वेगळ्या डिस्कवर व शक्य तर तिसरी दुसऱ्या घरीं ठेवावी. दोन प्रती खरोखर उघडतात असें पाहिल्यावांचून कॅमेऱ्यांतील कार्ड पुसूं नये. अजिंठ्याचें चित्र पुन्हा काढितां येईल. घरांतील वृद्ध आजीचें कदाचित् येणार नाहीं.